यज्ञशिष्ट : भाजीच्या मळ्यातील एक पाठ

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात दहाव्या श्लोकापासून सोळाव्या श्लोकापर्यंत यज्ञचक्राचे विवेचन आले आहे. त्यांतील तेराव्या श्लोकात भगवंतांनी अन्न खाणाऱ्यांचे दोन वर्ग केले आहेत. यज्ञ झाल्यावर जे राहते ते सेवन करणारे सज्जन सर्व दोषांतून सुटतात. आणि जे केवळ स्वतःसाठी शिजवितात ते पापच खातात, असा त्या श्लोकाचा आशय आहे. गृहस्थाश्रमी वाचकाला याहून जवळचा श्लोक गीतेत क्वचितच सापडेल, कारण त्याचा विषय चूल आणि ताट हाच आहे.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषांतराचा. बालपणी पाठशाळेत गुरुजींच्या समोर बसून जे काही पदरात पडले, त्याच्या आधारे गेली वीस-बावीस वर्षे संस्कृत ग्रंथ मराठीत आणण्याचे काम तो करीत आला आहे. ‘यज्ञशिष्ट’ हा शब्द या काळात कितीदा तरी लेखणीखालून गेला. दर वेळी ‘यज्ञातून उरलेले’ असे लिहावे आणि पुढच्या ओळीकडे वळावे, असा क्रम होता. या शब्दाचा अर्थ लेखकास उमगला तो एका भाजीच्या मळ्यात, आणि तोही स्वतःच्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे. ती हकीकत सांगण्यापूर्वी शब्दाचा थोडा विचार केला पाहिजे.

१. शब्दाचा अर्थ

‘शिष्’ म्हणजे शेष राहणे, उरणे. या धातूला भूतकाळवाचक ‘क्त’ प्रत्यय लागून ‘शिष्ट’ असे रूप सिद्ध होते. गंमत अशी की, ‘शास्’ म्हणजे शिकविणे, शासन करणे, या निराळ्या धातूचेही ‘क्त’ प्रत्ययान्त रूप ‘शिष्ट’ असेच होते. म्हणून मराठीत आपण सभ्य, सुसंस्कृत मनुष्यास शिष्ट म्हणतो. व्याकरणाच्या दृष्टीने हे दोन शब्द वेगळे. परंतु जो शिष्ट म्हणजे उरलेले खातो तोच शिष्ट म्हणजे सज्जन, असे गीतेच्या या श्लोकावरून म्हणता येईल.

हे उरलेले कशातून उरलेले? श्रीमच्छंकराचार्यांनी येथे देवयज्ञ इत्यादी महायज्ञांचा निर्देश केला आहे आणि ज्या दोषांतून सुटका व्हावयाची ते दोष चुलीसारख्या पाच ठिकाणी नकळत होणाऱ्या हिंसेचे आहेत, असे सांगितले आहे. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही ती पाच ठिकाणे. गृहस्थ कितीही सात्त्विक असला तरी त्याच्या घरात रोज लहान जीव मरतात. त्याची फेड म्हणून पाच महायज्ञ. आणि त्यांत अतिथीला व गरजूला अन्न देणे हा नृयज्ञ किंवा मनुष्ययज्ञ होय. ज्ञानेश्वर महाराजांनी या प्रकरणात स्वधर्माचरणालाच नित्ययज्ञ मानले आहे, हे मराठी वाचकांस ठाऊक आहेच.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात हाच विषय अधिक नेमकेपणाने आला आहे. गृहस्थाने देव, ऋषी, मनुष्य व पितर यांचे झाल्यावर शेष राहिलेले खाणारा व्हावे, असे तेथे म्हटले आहे. आणि त्या शेषाची दोन नावेही दिली आहेत. पाहुण्यांनी जेवून उरलेले ते ‘विघस’ आणि यज्ञात अर्पण करून उरलेले ते ‘अमृत’. दोन्ही ठिकाणी उरलेल्याचा अधिकारी यजमान आहे. उरलेले अतिथीला द्यावे, असे कोठेही म्हटलेले नाही. ही एवढी साधी गोष्ट वीस वर्षे डोळ्यांसमोर असूनही लेखकाच्या ध्यानात आली नव्हती.

२. मळ्याची हकीकत

लेखकाचे वास्तव्य इंदूर येथे आहे. होळकरांच्या राज्यामुळे मराठी घराण्यांना हे नगर परके नाही. अहल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांनी महेश्वराहून राज्यकारभार पाहत असता भारतभर तीर्थक्षेत्री घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभारली. माळव्यातील माणसाला धर्मशाळा बांधणे आणि तिच्यात चुली मांडून देणे हा धर्माचा अगदी परिचित मार्ग वाटतो.

अशाच एका धर्मशाळेत, शासकीय रुग्णालयाजवळ, रुग्णांबरोबर आलेले नातेवाईक उतरतात. निमाडातून, झाबुआकडून, दूरदूरच्या खेड्यांतून ही माणसे येतात. रुग्णाला रुग्णालयातून जेवण मिळते. पण त्याच्या उशाशी बसणाऱ्या आईला, भावाला, पत्नीला आपली व्यवस्था आपणच पाहावी लागते. धर्मशाळेच्या ओसरीवर तीस-पस्तीस चुली आहेत. पीठ, तांदूळ, डाळ गाठोड्यात बांधून आणता येते. भाजी मात्र बांधून आणता येत नाही, आणि आजाराच्या खर्चात विकत घेण्याच्या यादीतून ती पहिल्यांदा गळते. मीठ-मिरचीबरोबर भाकर खाऊन महिना काढणारी माणसे लेखकाने पाहिली आहेत.

धान्याच्या बाबतीत राज्यसंस्थेने आपला भार उचलला आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य गटातील कुटुंबास दर माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. परंतु धान्य कोठारात टिकते. पालक टिकत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत प्रौढ माणसाच्या रोजच्या ताटात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात असे सांगितले आहे. या दोहोंमधील अंतर शेजारच्या माणसाने, शेजारच्याच जमिनीत, आपल्या हातांनी भरून काढावे लागते.

या विचाराने सहा वर्षांपूर्वी चौदा जणांनी धर्मशाळेच्या मागील सुमारे पाच हजार चौरस फूट जागा मागून घेतली. त्यांत सेवानिवृत्त शिक्षक होते, दोन परिचारिका होत्या, महाविद्यालयातील मुले होती, गृहिणी होत्या. जागेवर बांधकामाचा राडारोडा आणि गाजरगवत माजलेले होते. ते काढण्यातच पहिला हिवाळा गेला. माळव्याची काळी माती सुपीक खरी. परंतु पावसाळ्यात तिच्यात पाणी साचते आणि मुळे कुजतात. म्हणून वीतभर उंचीचे गादीवाफे केले. त्यांची रुंदी चार फुटांहून कमी ठेवली, की दोन्ही बाजूंनी बसून मध्यापर्यंत हात पोचावा आणि वाफ्यावर पाय पडू नये.

खताचा प्रश्न शेजारच्या देवळाने सोडविला. तेथील निर्माल्य रोज आणून त्यातील दोरे व इतर कचरा वेचून काढावा, वाळलेली पाने व शेण यांच्याबरोबर थर लावावेत, मधून मधून उलथावे. दोन-तीन महिन्यांत काळेभोर खत तयार होते. कीड आवरण्यासाठी निंबोळीचा अर्क पुरतो. अर्धा किलो निंबोळ्या कुटून पाण्यात रात्रभर भिजवाव्या, सकाळी गाळून एकंदर दहा लिटर पाणी करावे व थोडा साबण घालून फवारावे. थंडीत मेथी, पालक, मुळा, वांगी, टोमॅटो. पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी आणि मांडवावर दोडका व दुधी, असा क्रम बसला. मेथी महिन्याच्या आत काढणीला येते. पालक एकदा कापला की पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा फुटतो. भर हंगामात रोज आठ-दहा किलो भाजी निघू लागली. म्हणजे चुलीमागे पावशेर.

३. भेंडीचा दिवस

प्रारंभापासून एक रीत पडून गेली होती. भाजी पहाटे तोडली जाई. स्वयंसेवकांना आठच्या सुमारास घरी, कचेरीत, शाळेत जावयाचे असे. म्हणून प्रत्येक जण आपल्या घरापुरती थोडी भाजी ‘प्रसाद’ म्हणून पिशवीत घेई. उरलेल्या टोपल्या दहा वाजता धर्मशाळेत जात. यात कोणाची लबाडी नव्हती. वेळेच्या सोयीने पडलेली रीत होती, इतकेच.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात तीन दिवस सतत पाऊस लागला आणि मळ्यात कोणी गेले नाही. भेंडीचा स्वभाव असा की, फूल गळल्यावर पाच-सात दिवसांत शेंग तोडावी लागते. एक दिवसाआड तोडणी झाली नाही की, ती जून होते. चौथ्या दिवशी झाडांवर कोवळी आणि जून अशी दोन्ही मिसळून होती. चौदाही जणांच्या हातांनी, काही न बोलता, बोटभर लांबीच्या कोवळ्या शेंगा आपापल्या पिशव्यांत टाकल्या. प्रस्तुत लेखकाने स्वतः अर्धा किलो अशी निवडून घेतली आणि पिशवी ओसरीच्या खुंटीस टांगली. वाटपाची पाळी त्या दिवशी त्याचीच होती.

रांगेत निमाडची एक वृद्ध शेतकरीण होती. तिच्या मुलाच्या मांडीचे हाड मोडले होते आणि तो महिनाभर रुग्णालयात पडून होता. तिने टोपलीतील एक शेंग उचलली आणि अंगठ्याने तिचे टोक दाबून पाहिले. कोवळी भेंडी असेल तर टोक कट्कन मोडते. ते वाकले. तिने दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. मग ती आपल्या बोलीत म्हणाली, “पंडितजी, ही तर बियाण्याची भेंडी. हिला तोडायचा दिवस कधीच गेला.” आणि झाडांकडे पाहत, शेतकऱ्याच्या सहज जिज्ञासेने, तिने विचारले, “पण झाडावर कोवळीही लागली असेल की. ती कुठे गेली?”

त्या प्रश्नात रोष नव्हता. म्हणूनच त्याला उत्तर देता येईना. लेखकाने खुंटीवरची पिशवी काढून तिच्या पुढे धरली. तिने आत पाहिले, लेखकाकडे पाहिले, आणि मूठभर शेंगा घेतल्या. “चूल एकच आहे माझी,” असे म्हणून पिशवी शेजारच्या चुलीवरील बाईकडे सरकवून दिली.

घरी गेल्यावर भेंडी का आणली नाही, असे पत्नीने विचारले. सर्व सांगून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली व म्हणाली, “अहो, आपल्या घरी तरी निराळे काय चालते? ताजी पोळी आपल्या पानात, आणि कालची भांडी घासणाऱ्या बाईंच्या हातावर. त्या कधी विचारत नाहीत, एवढाच फरक.”

४. दानाचे तीन प्रकार

सतराव्या अध्यायात विसाव्या ते बाविसाव्या श्लोकांत दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे कर्तव्य आहे, या भावनेने, परतफेड न करू शकणाऱ्याला, योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. परतफेडीच्या आशेने किंवा मनात खंत ठेवून दिलेले ते राजस. अयोग्य स्थळी, अयोग्य वेळी, सत्कार न करता, अवज्ञेने दिलेले ते तामस.

हे श्लोक शिकविताना आपण अवज्ञा म्हणजे कठोर शब्द, असे समजतो. लेखकाने त्या वृद्धेला एकही कठोर शब्द बोलला नव्हता; उलट ‘माई’ म्हणून हात जोडले होते. परंतु वस्तू स्वतः बोलते. जून भेंडी टोपलीत घालणाऱ्याने तोंडाने कितीही गोड बोलले तरी ती भेंडी सांगतच असते की, तुझ्यासाठी हे चालेल. कठोपनिषदाच्या आरंभी वाजश्रवसाने यज्ञात दिलेल्या गाईंचे वर्णन आहे. शेवटचे पाणी पिऊन झालेल्या, शेवटचे गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या त्या गाई. विधी यथासांग होता; दक्षिणेची संख्याही कमी नसावी. ते पाहून बालक नचिकेत्याच्या मनात श्रद्धा शिरली आणि त्याने पित्याला अडचणीचा प्रश्न विचारला. वाजश्रवसाला तो राग आणणारा वाटला. लेखकास तसा राग येण्याचे कारण नव्हते, कारण उत्तर खुंटीला टांगलेले होते.

भाजीच्या मळ्यात सात्त्विक दानाची तिन्ही लक्षणे अगदी शब्दशः लागू पडतात. काळ म्हणजे भेंडी तोडण्याचा तो एक दिवस, मेथी कोमेजण्याआधीचे ते चार-सहा तास. देश म्हणजे जेथे चूल पेटली आहे ती ओसरी. आणि पात्र? आमच्यात यावर बराच वाद झाला. कोण खरा गरजू, त्याची चौकशी करावी की काय, असे काहींचे म्हणणे होते. शेवटी संस्कृत भाषाच उपयोगी पडली. पात्र म्हणजे योग्य मनुष्य, तसे पात्र म्हणजे भांडेही. रुग्णाला सोडून जो भांडे हातात घेऊन चुलीपाशी आला तो पात्र, असा निर्णय झाला आणि चौकशी बंद झाली.

५. रीत बदलल्यानंतर

पुढील सभेत तीन नियम ठरले. तोडलेली भाजी प्रथम धर्मशाळेत जाईल आणि स्वयंसेवकांचा वाटा त्यानंतर निघेल. जून, मोडकी, कीड लागलेली भाजी स्वयंसेवकांच्या वाट्याची. अळीने पोखरलेल्या वांग्याचा तेवढा भाग कापून टाकला की बाकीचे वांगे खाण्यास चांगले असते. पाऊस असो वा नसो, एक दिवसाआड तोडणी होईल आणि तिच्या पाळ्या लावल्या जातील.

हे नियम लिहिणे सोपे होते. त्या हिवाळ्यात चौदांपैकी पाच जण येईनासे झाले. त्यांतील एकाने स्पष्टच सांगितले की, पहाटे दोन तास राबूनही घरच्या मुलांना मेथीची एक स्वच्छ जुडी नेता येत नसेल तर घरी काय सांगावे? त्यांना दोष देणे योग्य होणार नाही. त्यांच्या घरीही खाणारी माणसेच होती. वाफे मात्र राहिले आणि हात कमी झाले.

ती उणीव जेथून भरून निघाली त्याची कल्पना कोणी केली नव्हती. रुग्णालयात भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात. मधले तास धर्मशाळेतील माणसांना खायला उठतात. ती निमाडची वृद्धा एके दिवशी खुरपे मागून घेऊन वाफ्यात बसली. दुसऱ्या दिवशी आणखी तिघे आले. तिने आम्हांला दोन गोष्टी शिकविल्या. भेंडीची शेंग झाडावर जून होऊ दिली की झाडाची पुढची फळधारणा मंदावते. बी तयार झाले म्हणजे झाडाला आपले काम झाले असे वाटते. म्हणून वेळेवर तोडून देणाऱ्याच्या झाडाला अधिक शेंगा येतात. आणि बियाण्यासाठी उरलेसुरले झाड ठेवू नये. सर्वांत निरोगी दोन झाडे पाहून त्यांना हात लावू नये. आमचा वाण देशी होता, म्हणून हे जमले. संकरित वाणाचे बी धरून तसेच पीक येत नाही.

दीड महिन्याने तिचा मुलगा काठीच्या आधाराने चालू लागला. निघताना तिने वाळलेल्या शेंगांचे बी राखेत घोळवून एका पुरचुंडीत बांधून दिले. पुढल्या पावसाळ्यातील भेंडीचा वाफा त्या बियाण्याचा होता. आता येथे यजमान कोण आणि अतिथी कोण? यज्ञचक्र फिरू लागले म्हणजे देणारा आणि घेणारा यांच्या जागा स्थिर राहत नाहीत, हा सोळाव्या श्लोकाचा आशय त्या पुरचुंडीने उलगडून दाखविला.

६. शंका आणि समाधान

येथे कोणी अशी शंका घेईल की, पावशेर भाजीने कोणाचे दैन्य फिटणार? दैन्य फिटणार नाही, हे खरे आहे. रुग्णाच्या उशाशी रात्र काढलेल्या माणसाला एक वेळ गरम भाजी-भाकर मिळेल. दुसऱ्या अध्यायाच्या चाळिसाव्या श्लोकात या धर्माचे थोडे आचरणही वाया जात नाही, असे आश्वासन आहे. मळ्यात काम करणाऱ्याला त्याचा आधार रोज लागतो, कारण एका रात्रीच्या पावसाने टोमॅटोचा सबंध वाफा कुजलेलाही आम्ही पाहिला आहे.

दुसरी शंका अशी की, सर्व उत्तम देऊन टाकल्यावर गृहस्थाने खावे काय? गीतेने यजमानाला उपाशी राहण्यास सांगितलेले नाही. शिष्ट म्हणजे उरलेले. उरण्यासाठी पुरेसे पिकवावे लागते. चौथ्या अध्यायात तर या उरलेल्यालाच अमृत म्हटले आहे. आमच्या मळ्यात बहुतेक दिवशी चुलींना पुरून काही ना काही उरते. अळीचा भाग कापलेल्या त्या वांग्याचे भरीत घरी होते तेव्हा ते खाताना मनाला कसली टोचणी नसते. अमृताचा याहून मोठा अर्थ लेखकास अद्याप कळलेला नाही.

७. आचरणासाठी

प्रत्येक वाचकास मळा करता येईल असे नाही. परंतु अंगणात एक वाफा, गच्चीवर चार कुंड्या, किंवा शेजारच्या देवळामागे पडीक राहिलेली जागा बहुतेकांना मिळू शकते. मेथीच्या मूठभर दाण्यांपासून आरंभ करावा. महिन्याभरात फळ दिसते. पहिली जुडी कोणाच्या चुलीवर जाणार, हे बी पेरण्यापूर्वीच ठरवावे. तोडणी झाल्यावर ठरवू गेल्यास हात आपोआप आपल्याच पिशवीकडे वळतो.

ज्यांना तेवढेही शक्य नाही त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात एक आठवडा हा प्रयोग करून पाहावा. घरी काम करणाऱ्या माणसाला, दारी आलेल्याला जे द्यावयाचे ते ताजे आणि प्रथम काढून ठेवावे. शिळे उरले तर ते आपल्या पानात घ्यावे. लेखकाच्या घरी हा प्रयोग सुरू झाला त्या पहिल्या दिवशी भांडी घासणाऱ्या बाईंनी गरम पोळी हातात घेतली, ती उलटून पाहिली आणि विचारले, “वहिनी, आज घरी काही सण आहे का?” त्या प्रश्नालाही लेखकापाशी उत्तर नव्हते.

तिसऱ्या अध्यायाच्या भाषांतराची दुरुस्ती करण्याचा योग नुकताच आला. ‘यज्ञातून उरलेले’ ही जुनी ओळ खोडून तेथे आता असे लिहिले आहे : ‘ज्याचे त्याला आधी देऊन मग आपल्या वाट्याला आलेले.’ शब्द थोडे वाढले आहेत. पण अर्थ सोडून जाण्यापेक्षा शब्द वाढलेले बरे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥